दे रे हरी, प्लेटवरी!

सध्या आपल्या कॅम्पसवर दोन विषयांवर जोरदार चर्चा चालू आहे. एक, मेसमधली भाजी नक्की कशाची असते. आणि दोन, लेडीज हॉस्टेलच्या जिमसाठी येऊ घातलेली ‘व्हायब्रेशन प्लेट’. पहिल्या विषयात संशोधनाला फारसा वाव उरलेला नाही, म्हणून हा लेख दुसऱ्यावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेडीज हॉस्टेलची जिम म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, त्यात पेडल तुटलेली एक सायकल, एकमेकांशी न जुळणारे दोन डंबेल्स आणि एक मोठा आरसा. (आरसा मात्र फर्स्टक्लास आहे, गॅदरिंगच्या आधी तिथे रांग लागते.) यंदा जिमखाना फंडातून या खोलीसाठी काहीतरी घ्यायचं ठरलं आणि कोटेशन आलं ते व्हायब्रेशन प्लेटचं. कारण असं सांगितलं गेलं की मुली वजनं उचलत नाहीत, त्यांना सुटसुटीत काहीतरी हवं. प्लेटवर दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं, तासभराच्या व्यायामाचा फायदा. घाम नाही, धाप नाही, कपडे बदलायची गरज नाही!

आपल्याकडे जुनी म्हण आहे, ‘दे रे हरी पलंगावरी’. आता हरीने पलंगाच्या जागी मोटर बसवलेली प्लेट पाठवली आहे, एवढाच काय तो फरक.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना सबमिशन आहे ते इथूनच जाऊ शकतात. ही प्लेट घेऊ नये. त्याच पैशांत आम्हाला एक बारबेल, वजनाच्या चकत्या, एक स्क्वॉट रॅक आणि शिकवणारी एक ट्रेनर द्या. का, ते पुढे. मी डॉक्टर नाही, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पण ज्या वस्तूचं नावच ‘व्हायब्रेशन’ आहे त्यावर मेकॅनिकलवाल्यांनी नाही बोलायचं तर कोणी बोलायचं? (माझं मराठी कॉन्व्हेंटमध्ये घडलेलं, म्हणजे बिघडलेलं आहे, ते सांभाळून घ्या.)

आधी यंत्र समजून घेऊ. पायाखाली एक प्लेट, तिच्या खाली मोटर. काही प्लेट्स सरळ वर-खाली हलतात, काही सी-सॉसारख्या मध्यावर डोलतात, म्हणजे डावा पाय वर तर उजवा खाली. साधारण २० ते ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २० ते ५० वेळा. आता थिअरी ऑफ मशीन्सच्या पहिल्या काही लेक्चर्समध्ये काय शिकलो ते आठवा. सिंपल हार्मोनिक मोशनमध्ये सगळ्यात जास्त त्वरण म्हणजे आयाम गुणिले ओमेगाचा वर्ग. फ्रीक्वेन्सी ३० हर्ट्झ धरली तर ओमेगा साधारण १८८. आयाम फक्त २ मिलिमीटर धरा. उत्तर येतं सुमारे ७१ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सात पटींहून थोडं जास्त! आणि फ्रीक्वेन्सी दुप्पट केली की त्वरण चौपट.

हा हिशोब मुद्दाम केला. कारण अशा स्वस्त मशीन्सच्या रिमोटवर काय असतं? ‘स्पीड लेव्हल १ ते ९९’. लेव्हल हे कशाचं एकक आहे? हर्ट्झ नाही, मिलिमीटर नाही, काहीच नाही. आपण लॅबमध्ये जर्नलमध्ये एकक लिहिलं नाही तर सर लाल शाईने आख्खं रीडिंग खोडतात. मग ज्या मशीनवर माणूस उभा करायचा त्याला ही सूट का?

बरं, हलल्यामुळे शरीरात काहीच होत नाही का? होतं ना. स्नायूंमध्ये ताण ओळखणारे बारीक सेन्सर असतात. व्हायब्रेशनमुळे ते पुन्हापुन्हा थोडे ताणले जातात आणि स्नायू आपोआप आकसतो. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये यावर नीट प्रयोग झाले आणि या प्रतिक्रियेला ‘टॉनिक व्हायब्रेशन रिफ्लेक्स’ असं नाव मिळालं. म्हणजे प्लेट हे थोतांड आहे असं मी म्हणत नाहीये. प्रश्न एवढाच की हा परिणाम किती, कोणाला आणि त्यासाठी प्लेटच हवी का.

‘लेटेस्ट टेक्नॉलॉजी’ हे बिरुद मात्र काढून टाका. स्वीडनच्याच गुस्ताव झांडर नावाच्या डॉक्टरने १८६५ मध्ये स्टॉकहोमला अशा यंत्रांची आख्खी संस्था काढली होती. माणसाने बसायचं, यंत्राने हलवायचं, चोळायचं, थोपटायचं. पुढे अशी यंत्रं युरोप-अमेरिकेत पसरली. १९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिकच्या जिममध्येसुद्धा याच धर्तीचे विजेवर हलणारे घोडा आणि उंट होते. अमेरिकेत बॅटल क्रीकला कॉर्नफ्लेक्सवाले डॉ. जॉन हार्वी केलॉग आपल्या सॅनिटोरियममध्ये पेशंट्सना व्हायब्रेटिंग खुर्चीत बसवायचे. नंतर १९५०-६० च्या सुमारास कमरेला पट्टा लावून गदगदा हलवणारी मशीन्स आली. जुन्या इंग्लिश सिनेमांत ती दिसतात आणि आपण हसतो. दीडशे वर्षं झाली, दर पिढीत हीच कल्पना नवीन रंग लावून येते आहे.

या इतिहासातली एक गोष्ट मला फार आवडते. पॅरिसमध्ये जाँ-मार्तँ शार्को नावाचे मेंदूविकारांचे मोठे डॉक्टर होते. पार्किन्सनच्या पेशंट्सनी त्यांना सांगितलं की ट्रेनने किंवा घोडागाडीने लांबचा प्रवास केला की आम्हाला बरं वाटतं. शार्कोंनी मग हलणारी खुर्चीच बनवून घेतली आणि १८९२ मध्ये या उपचाराबद्दल सांगितलं की पेशंट्सना आराम पडतो. पुढच्याच वर्षी ते गेले आणि गोष्ट तिथेच राहिली. मग २०१२ मध्ये शिकागोच्या रश विद्यापीठातल्या संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा केला. काही पेशंट्सना हलणारी खुर्ची दिली, काहींना न हलणारी, फक्त तिच्यात आवाज ऐकवले. रोज अर्धा तास, महिनाभर. निकाल काय? दोन्ही गटांना बरं वाटलं, आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता! शार्को खोटं बोलत नव्हते, पेशंट्सना खरंच आराम पडत होता. फक्त ‘न हलणारी खुर्ची’ त्यांनी ठेवली नव्हती.

प्लेटच्या प्रत्येक जाहिरातीला हाच प्रश्न विचारायचा. न हलणारी प्लेट कुठे आहे? म्हणजे कंट्रोल ग्रुप कुठे आहे?

आता तुम्ही म्हणाल, पण ब्रोशरवर ‘नासा’ लिहिलंय! नासाचं नाव आलं की आपण इंजिनिअरिंगवाले लगेच हात जोडतो. त्यातलं खरं एवढंच की अंतराळात हाडं आणि स्नायू झपाट्याने झिजतात, त्यामुळे नासाला या विषयात रस होता आणि व्हायब्रेशनवरच्या काही संशोधनाला तिने पैसेही दिले होते. पण मग इंटरनॅशनल स्पेस स्टेशनवर अंतराळवीर काय करतात? प्लेटवर दहा मिनिटं उभे राहतात? नाही. रोज दोन-अडीच तास त्यांच्या वेळापत्रकात व्यायामासाठी असतात. ट्रेडमिल, सायकल आणि वजनं उचलल्याचा परिणाम देणारं एआरईडी नावाचं मशीन, ज्यावर स्क्वॉट आणि डेडलिफ्ट करतात. आणि गंमत म्हणजे स्टेशनवरच्या पहिल्या ट्रेडमिलच्या नावातच ‘व्हायब्रेशन आयसोलेशन’ होतं, म्हणजे धावण्याची थरथर स्टेशनच्या सांगाड्यापर्यंत पोचू नये याची सोय. ज्यांच्या नावावर इथे व्हायब्रेशन विकतात, ते वर व्हायब्रेशन अडवायला खर्च करतात. हसावं की रडावं?

आता प्लेटच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा घेऊ, नाहीतर म्हणाल हिने सोयीचं तेवढंच सांगितलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी इटलीच्या कार्मेलो बॉस्को यांनी खेळाडूंवर केलेल्या प्रयोगांमुळे हा विषय पुन्हा गाजला. मग २००३ मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठातला प्रयोग प्रसिद्ध झाला. व्यायामाची सवय नसलेल्या ६७ तरुणी, सरासरी वय एकवीसच्या आसपास. म्हणजे जवळजवळ आपलंच हॉस्टेल! त्यांचे चार गट केले. एक प्लेटवर, एक जिममध्ये वजनांवर, एक ‘खोट्या’ प्लेटवर (जी नावापुरतीच थरथरते), आणि एक काहीच न करणारा. आठवड्यातून तीन दिवस, बारा आठवडे. प्लेटवाल्यांची गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंची ताकद १६.६ टक्के वाढली, वजनांवाल्यांची १४.४ टक्के. खोट्या प्लेटवाल्यांची म्हणण्यासारखी वाढली नाही. उडीची उंचीसुद्धा फक्त प्लेटवाल्यांची वाढली.

प्रयोग चांगला आहे, यात ‘न हलणारी खुर्ची’ जवळपास आहेच. पण त्यात त्या मुली प्लेटवर नेमकं काय करत होत्या, हे ब्रोशर सांगत नाही. त्या नुसत्या उभ्या नव्हत्या. त्या स्क्वॉट करत होत्या, खोल स्क्वॉट, लंज, एका पायावरचे प्रकार, आठवड्यागणिक वाढवत नेलेले. शुद्ध मराठीत, बैठका. म्हणजे घाम आला, धाप लागली, कपडे बदलावे लागले. ‘नुसतं उभं राहा’ हा शोध विकणाऱ्यांचा आहे, संशोधकांचा नाही. आणि आपल्या प्रश्नाचं उत्तर याच प्रयोगात आहे. आठवड्यातून तीन दिवस नेटाने करायचंच असेल तर वजनांनीही जवळजवळ तेवढीच ताकद येते. शिवाय वजन वाढवत नेता येतं, पाठ-खांदे-हात सगळ्यांचा व्यायाम होतो, आणि बारबेल बिघडत नाही. लाईट गेली तरी चालतो.

वजन कमी होण्याचं काय? (हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, पण प्लेटवर उत्सुकतेने पाहणाऱ्या बहुतेक जणींच्या मनात तोच आहे.) त्याच ल्यूव्हेनमध्ये २४ आठवड्यांचा प्रयोगही झाला. स्नायूंचं प्रमाण थोडं वाढलं, पण वजन आणि चरबी कमी झाली नाही. चरबी थरथरली म्हणजे जळली असं होत नसतं. तसं असतं तर आमच्या गावच्या एसटीच्या मागच्या सीटवर रोज अप-डाऊन करणारी सगळी मंडळी मॉडेल झाली असती. २०१७ मध्ये ‘व्हायब्रेशन व्यायामाइतकंच चांगलं’ अशा हेडलाईन्स आल्या होत्या, त्या अमेरिकेतल्या एका प्रयोगावरून. पण तो प्रयोग उंदरांवर होता, आणि फायदे दिसले ते जनुकातच बिघाड असल्यामुळे लठ्ठ आणि डायबेटिक झालेल्या उंदरांत. आपल्या हॉस्टेलमध्ये उंदीर आहेत हे मान्य. पण फंड त्यांच्यासाठी नाहीये ना?

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. हाडं.

हाडं म्हणजे खांब नाहीत, ती जिवंत असतात. जिथे भार पडतो तिथे ती भक्कम होतात, जिथे पडत नाही तिथे झिजतात. जर्मनीच्या युलियस वोल्फ यांनी हे १८९२ मध्ये मांडलं (शार्कोंची खुर्चीही त्याच वर्षीची!). टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हाताची हाडं दुसऱ्या हातापेक्षा जाड असतात ती यामुळेच. आणि हाडांची बँक आपण तिशीपर्यंतच भरतो. त्यानंतर ठेव फारशी वाढत नाही, पुढे हळूहळू काढणं सुरू होतं आणि बायकांच्या बाबतीत पाळी थांबल्यावर ते काढणं एकदम वाढतं. म्हणजे हॉस्टेलची ही चार वर्षं ठेव भरायची आहेत. आणि नेमक्या याच वयात आम्हाला सांगितलं जातं, की मुलींना वजनं कशाला, त्यांना सुटसुटीत काहीतरी द्या!

प्लेटने हाडं भक्कम होतात असा दावा आहे, त्याचं मूळ एका खरोखर सुंदर प्रयोगात आहे. क्लिंटन रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये तो छापला. मेंढ्या वर्षभर, रोज २० मिनिटं, ३० हर्ट्झवर हलणाऱ्या प्लेटवर उभ्या केल्या. मांडीच्या हाडाच्या जाळीदार भागाची घनता ३४ टक्क्यांनी जास्त भरली! पण त्वरण किती होतं माहितीये? ०.३ जी. वरचं सूत्र उलटं लावा, आयाम येतो ०.०८ मिलिमीटर, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढा. आपण वर हिशोब केलेल्या प्लेटपेक्षा वीस पटींहून सौम्य. नाव एकच असलं तरी औषध वेगळं आणि डोसही वेगळा. तरी त्या मेंढ्यांचा फोटो लावून ही प्लेट विकली जाते.

आणि माणसांचं काय झालं? टोरांटोमध्ये हाडांची घनता कमी असलेल्या, पाळी थांबलेल्या २०२ महिलांवर प्रयोग झाला, २०११ मध्ये निकाल आला. तीच ०.३ जी ची सौम्य प्लेट, रोज २० मिनिटं, वर्षभर. सगळ्यांना कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी. प्लेटवर उभ्या राहिलेल्या आणि न राहिलेल्या महिलांच्या हाडांत फरक दिसला नाही. मेंढीचं गणित बाईला लागू पडलं नाही.

याच्या शेजारी दुसरा प्रयोग ठेवा, ऑस्ट्रेलियाच्या ग्रिफिथ विद्यापीठाचा, २०१८ मध्ये छापलेला. अशाच वयाच्या, ठिसूळ होत चाललेल्या हाडांच्या १०१ महिला. एका गटाला देखरेखीखाली डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर वजन उचलणं आणि बारवरून उडी मारून उतरणं, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास. दुसऱ्या गटाला घरी हलका व्यायाम. आठ महिन्यांनी वजनं उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्के वाढली, हलक्या व्यायामवाल्यांची १.२ टक्के घटली. साठीच्या आज्या बारबेल उचलून हाडं भक्कम करतायत आणि आम्ही विशीतल्या मुली ‘नाजूक’ म्हणून थरथरत उभ्या राहायचं?

हे मी एवढ्या तावातावाने लिहितेय त्याला घरचंही एक कारण आहे. माझी मावशी रोज सकाळी तासभर चालायची. डॉक्टरांनी हाडं थोडी विरळ झाल्याचं सांगितल्यावर ती जरा घाबरली, आणि नेमकं तेव्हाच तिच्या कॉलनीजवळ ‘फ्री डेमो’वालं सेंटर उघडलं. आधी फुकट, मग हप्त्यावर मशीन. आता मशीन हॉलमध्ये आहे आणि चालणं बंद आहे, कारण ‘यात सगळं होतं’. मी तिला विचारलं, मावशी, सकाळच्या मैत्रिणींचं काय? तर म्हणाली, अगं त्यांनीपण घेतलंय. मशीनने तिचं काही बिघडवलं असं मी म्हणत नाही. पण मशीनने तिची चाल आणि मैत्रिणी दोन्ही काढून घेतल्या आणि बदल्यात दिलं ते टोरांटोच्या निकालाइतकं. ‘नुसतं उभं राहा’ या वाक्याचा खरा तोटा हाच. ते खरा व्यायाम बाजूला सारून त्याच्या जागेवर बसतं.

आणि फुकटचं नुकसान नाही ना, तर तेही तपासू. युरोपात ट्रॅक्टर, डंपर चालवणाऱ्या कामगारांसाठी २००२ चा नियम आहे. अंगाला बसणाऱ्या कंपनांची आठ तासांची सरासरी मर्यादा १.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग. कारण वर्षानुवर्षं अशी थरथर बसली की कंबर जाते, हे सिद्ध झालेलं आहे. आपल्या ७१ चा आरएमएस काढा, ५०. शरीर ४ ते ८ हर्ट्झच्या आसपास सगळ्यात जास्त संवेदनशील असतं, ३० ला कमी, म्हणून मानकाप्रमाणे साधारण ०.४ ने गुणा, २०. या हिशोबाने दिवसभराचा कोटा संपायला वेळ लागतो साधारण दीड मिनिट! आता हा नियम कामगारांसाठी आहे, जिमसाठी नाही, आणि गुडघे वाकवले की बरीचशी कंपनं पायातच जिरतात, वर डोक्यापर्यंत जात नाहीत. म्हणून दीड मिनिटात कोणी जायबंदी होणार नाही. पण गुडघे ताठ ठेवून ‘नुसतं उभं’ राहिलं तर हे डँपिंगच निघून जातं. म्हणजे ब्रोशर जी पद्धत शिकवतं, तीच सगळ्यात वाईट! आणि गरोदरपण, पेसमेकर, नुकतं फ्रॅक्चर, रक्ताच्या गुठळ्या, फिट्स यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढूच नये.

मग प्लेट कोणालाच नको का? तसं नाही. ज्यांना बैठक मारणं शक्यच नाही, फार म्हातारे, आजारातून उठलेले, अशा लोकांसाठी फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली, मोजून-मापून ती वापरली तर तो वेगळा विषय आहे आणि त्यावर संशोधन चालू आहे. खेळाडूंना वॉर्मअपसाठी वापरायची असेल तर वापरोत. स्टाफपैकी कोणाच्या घरी आधीच आणलेली असेल तर टाकून द्या असं मी म्हणत नाही. तिच्यावर गुडघे वाकवून बैठका मारा, थोडा वेळ, आणि चालणं सोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेलं माप साधं आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम. यातला दुसरा भाग आपण सगळेच विसरतो, मुली तर जास्तच, कारण आम्हाला तो कोणी सांगतच नाही.

कमिटीचा एक आक्षेप मला ठाऊक आहे. ‘बारबेल आणला तरी मुली जिमला येतच नाहीत.’ सर, तुटक्या सायकलवर बसायला कोण येईल? बॉईज हॉस्टेलच्या जिममध्ये बेंच आहे, रॅक आहे, आणि संध्याकाळी एक सीनियर नवीन मुलांना शिकवतो. आमच्या खोलीत आरसा आहे. मग मुली आरशात बघतात, त्यात आश्चर्य काय! दुसरा आक्षेप, ‘मुलींना लागेल, दुखेल.’ म्हणूनच तर ट्रेनर मागितली आहे, आठवड्यातून दोन संध्याकाळी आली तरी चालेल. आधी रिकामा दांडा, मग हळूहळू चकत्या. तिसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो, ‘वजनं उचलून मुली पुरुषी दिसतात.’ त्याला उत्तर एवढंच की आमच्या आज्या दोन-दोन हंडे पाणी डोक्यावर आणायच्या, तेव्हा हा प्रश्न कोणाला पडला नव्हता.

तर जिमखान्याच्या सरांना आणि रेक्टर मॅडमना नम्र विनंती. कोटेशन परत पाठवा. आणि अगदी घ्यायचीच असेल तर प्लेट व्हायब्रेशन लॅबसाठी घ्या. अ‍ॅक्सेलरोमीटर लावू, ‘लेव्हल ९९’ म्हणजे किती जी ते मोजू, उत्तम मिनी प्रोजेक्ट होईल. मात्र पैसे डिपार्टमेंटचे.

आणि मैत्रिणींनो, फंड मिळो न मिळो, बैठकांना कोटेशन लागत नाही. टेरेस रिकामी आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी सहा वाजता. मेसच्या भाजीवरची चर्चा तिथेही करता येईल.

– एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी